बुचाचा रंग आणि रक्ताची परीक्षा

सकाळचे सात वाजावयाचे असतात. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दाराची घंटा वाजते आणि खांद्याला पेटी अडकविलेला एक तरुण आत येतो. घरातील आजोबांचे रक्त तपासावयाचे असते. हृदयातील झडप बदललेली, त्यात मधुमेहाचा संशय. आदल्या रात्रीपासून त्यांनी पाण्यावाचून काही घेतलेले नसते आणि स्वयंपाकघरात चहाचे आधण त्यांच्यासाठी खोळंबलेले असते. “आजोबा, मूठ घट्ट मिटा,” असे म्हणून तरुण दंडाला पट्टा बांधतो, शीर चाचपतो, सुई टोचतो आणि त्या एकाच सुईला एकामागून एक चार लहान नळ्या लावून भरून घेतो. पहिलीचे बूच निळे, दुसरीचे पिवळे, तिसरीचे जांभळे आणि चौथीचे करडे. हे पाहून घरातील कोणी तरी हटकून विचारते, “अहो, रक्त एकच, मग बाटल्या चार कशाला?” तरुणाला शेजारच्या इमारतीत जावयाची घाई असते. “तपासण्या वेगवेगळ्या आहेत ना, ताई,” एवढे बोलून तो पेटी बंद करतो.

उत्तर खरे आहे. पण त्याने जिज्ञासा शमत नाही. प्रयोगशाळेतील लोक या नळ्यांस ‘बल्ब’ म्हणतात. बल्ब म्हणजे रक्त नेण्याचे एक भांडे, अशी सर्वसाधारण समजूत असते आणि दूध तांब्यात नेले काय किंवा बरणीत नेले काय, दूध ते दूधच, त्याच न्यायाने लोक रक्ताकडेही पाहतात. वस्तुस्थिती याहून निराळी आहे. शिरेतून बाहेर पडलेले रक्त त्याच क्षणापासून पालटू लागते आणि ते कोणत्या रीतीने पालटावे अथवा पालटू नये, हे बल्ब ठरवितो. तपासणीची पहिली पायरी, अशा रीतीने, आजोबांच्या पलंगावरच उरकलेली असते. प्रयोगशाळेच्या कामातील निम्म्याहून अधिक चुका रक्त यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडून गेलेल्या असतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. आणि त्या चुकांत बल्बाची निवड, तो भरण्याची रीत व तो नेण्याची तऱ्हा यांचा वाटा मोठा आहे.

शरीराबाहेर पडलेले रक्त साकळते, हे बोट कापलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे बारीक तंतू बनतात, त्या तंतूंच्या जाळ्यात तांबड्या व पांढऱ्या पेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. ही गुठळी तळाशी गेली म्हणजे वर जो पिवळसर निवळ द्रव राहतो, त्यास सीरम म्हणतात. उलटपक्षी, रक्तात आरंभीच एखादे असे द्रव्य मिसळले की ज्यायोगे ते साकळूच नये, तर यंत्रात फिरविल्यावर पेशी खाली बसतात आणि वर राहतो तो प्लाझ्मा. सीरममध्ये ते तंतूंचे प्रथिन खर्ची पडलेले असते; प्लाझ्मात ते शाबूत असते. काही परीक्षांस सीरम लागते, काहींस प्लाझ्मा, आणि पेशी मोजावयाच्या तर रक्त जसेच्या तसे पातळ राहावे लागते. एकाच बल्बात या तिन्ही गोष्टी साधणे शक्य नाही, आणि चार बुचांचे मूळ येथेच आहे.

रक्त पातळ ठेवण्याची द्रव्ये माणसास एकदम सापडली नाहीत. सोडियम सायट्रेट हे रक्त देण्याघेण्याच्या कामी उपयोगी पडते, हे १९१४ साली बेल्जियममध्ये ह्युस्टिन आणि अर्जेंटिनात अगोते यांनी दाखविले व पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या लुइसोन यांनी त्याचे सुरक्षित प्रमाण बसविले. १९१६ साली अमेरिकेत मॅक्लीन नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यास कुत्र्याच्या यकृताच्या अर्कात रक्त साकळू न देण्याचा गुण आढळला. त्यातून हेपॅरिन पुढे आले. ईडीटीए या लांबलचक नावाच्या रसायनाचा संक्षेप आज प्रत्येक पॅथॉलॉजीच्या दुकानी ऐकू येतो. ते १९३५ साली जर्मनीत म्युंत्स यांनी बनविले. आतील हवा काढून घेतलेली आणि त्यामुळे रक्त नेमके हवे तितकेच ओढून घेणारी नळी ही त्यानंतरची. तिचे पेटंट जोसेफ क्लायनर यांस १९४९ साली अमेरिकेत मिळाले. आपल्याकडे ती रुळावयास पुष्कळ काळ जावा लागला. तोवर अनेक प्रयोगशाळांत पेनिसिलीनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, त्यांत ऑक्झलेटचे वा ईडीटीएचे थेंब वाळवून, रबरी बूच बसवून काम भागविले जाई. तो उद्योग काटकसरीचा खरा. परंतु औषधाचा एक थेंब अधिक पडला किंवा बाटली नीट वाळली नाही, तर परिणाम रुग्णाच्या कागदावर उतरे. आजच्या कारखान्यात बनलेल्या नळीचा मोठा गुण हाच की द्रव्याचे माप प्रत्येक नळीत एकसारखे असते. ते माप वाया घालविणे मात्र अजून माणसाच्या हाती आहे.

करड्या बुचापासून आरंभ करणे सोयीचे, कारण साखरेची चौकशी ज्या घरात होत नाही असे शहरातील घर विरळा. रक्तातील पेशी बल्बात गेल्या म्हणजे मरत नाहीत. त्या जिवंत असतात, आणि जिवंत असल्याने साखर खात राहतात. साध्या बल्बात रक्त तसेच राहिले, तर त्यातील साखर दर तासास सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उष्म्यात हा वेग वाढतो. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर अधिकच वाढतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली, तर मधुमेहाचा संशय पक्का मानण्याकडे वैद्यांचा कल असतो. आता समजा, आजोबांची खरी साखर १३० आहे, रक्त साध्या बल्बात घेतले, आणि तो बल्ब पेटीत दोन तास फिरून प्रयोगशाळेत पोहोचला. यंत्र प्रामाणिकपणे ११५ च्या आसपास आकडा देईल. यंत्राची चूक नाही, तंत्रज्ञाची नाही. रोग मात्र आणखी एक वर्ष लपून राहील.

यासाठी करड्या बुचाच्या बल्बात सोडियम फ्लोराइड घातलेले असते. पेशींच्या साखर पचविण्याच्या साखळीतील एक दुवा ते निकामी करते. तथापि येथे एक मेख आहे, आणि ती पुष्कळ शिकलेल्यांसही माहीत नसते. फ्लोराइड ज्या दुव्यावर घाव घालते तो दुवा साखळीच्या शेवटाकडे असतो. त्याच्या वरच्या अंगाचे व्यवहार काही वेळ तसेच चालू राहतात. त्यामुळे पहिला तास-दोन तास करड्या बल्बातही साखर घटतच असते. त्यानंतर मात्र ती जेथे थांबली तेथे पुढे दोन-तीन दिवस स्थिर राहते. म्हणून फ्लोराइडसोबत सायट्रेटसारखे आंबट मिश्रण घातलेले नवे बल्ब निघाले आहेत. आम्लतेने साखळीचा आरंभीचाच दुवा तत्काळ आवळला जातो. हे बल्ब महाग पडतात व सर्वत्र मिळत नाहीत. ते नसतील तेथे दुसरा खात्रीचा मार्ग म्हणजे रक्त घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते फिरवून पेशी वेगळ्या काढणे.

हा अर्धा तास उपनगरात किती दुर्मीळ आहे, हे सांगावयास नको. अंधेरीहून घाटकोपरला माणूस २०१४ पासून मेट्रोने झटपट पोहोचतो; पण रक्ताची पेटी बहुधा दुचाकीवर असते, आणि ती चार इमारतींत थांबून, सिग्नलला उभी राहून, दुरुस्तीसाठी खणलेल्या रस्त्यातून वाट काढीत जाते. बोरिवलीतील कित्येक नमुने पश्चिम द्रुतगती मार्गाने निघून शहराच्या दुसऱ्या टोकास जातात. मुलुंडकडील पुष्कळसे नमुने १९९९ साली झालेल्या ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडून नवी मुंबईतील मोठ्या प्रयोगशाळांत पोहोचतात. एकाच ठिकाणी प्रचंड यंत्रे बसवून गावोगावचे रक्त तेथे आणावयाचे, या पद्धतीने तपासण्या स्वस्त झाल्या, यात संशय नाही. परंतु जेवढी यंत्रे लांब गेली तेवढा बल्बावरील भार वाढला, हेही तितकेच खरे आहे.

आता पिवळे, तांबडे आणि हिरवे बूच. येथे प्रश्न अचूकपणाइतकाच वेळेचा आहे. तांबड्या बुचाचा साधा बल्ब पूर्वी काचेचा असे. काचेचा स्पर्श होताच रक्त साकळावयास लागते, म्हणून त्यात दुसरे काही घालावे लागत नसे. प्लास्टिक आले आणि हा गुण गेला. तेव्हा आतून सिलिकाची बारीक पूड लावण्याची युक्ती निघाली. पिवळ्या बुचाच्या बल्बात या पुडीखेरीज तळाशी एक मेणासारखा लगदा असतो. यंत्रात फिरविल्यावर तो गुठळी व सीरम यांच्या मधोमध भिंतीसारखा येऊन बसतो व पेशींची सीरमशी होणारी लुडबूड थांबवितो. यकृत, मूत्रपिंड, चरबी, थायरॉइड इत्यादि नित्याच्या परीक्षा या सीरमवर होतात. मात्र रक्त पुरतेपणी साकळण्यास अशा बल्बात सुमारे अर्धा तास लागतो, साध्या काचेच्या बल्बात तर एक तासपर्यंत, आणि त्यापुढे फिरविण्याची दहा मिनिटे.

घरच्या नित्याच्या तपासणीत या चाळीस मिनिटांचे काही वाटत नाही. परंतु राजावाडी किंवा कूपरसारख्या रुग्णालयाच्या अपघात विभागात मध्यरात्री छातीत कळ आलेला मनुष्य आणला म्हणजे घड्याळाचा अर्थ पालटतो. हृदयाच्या स्नायूस इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. त्याचे प्रमाण एकदा पाहून, एक ते तीन तासांनी पुन्हा पाहावयाचे असते. अशा वेळी हिरव्या बुचाचा बल्ब कामी येतो. त्यात हेपॅरिन असते, रक्त साकळावयाची वाट पाहावी लागत नाही, थेट फिरवून प्लाझ्मा यंत्रात घालता येतो. अर्धा तास तेथल्या तेथे वाचतो. थ्रॉम्बिन घातलेला एक विशेष बल्बही मिळतो. त्यात पाच मिनिटांत गुठळी होऊन सीरम हाती येते, पण तो महाग आहे. एक पथ्य मात्र पाळावे लागते. पहिला नमुना ज्या जातीच्या बल्बात घेतला, दुसराही त्याच जातीचा हवा. कारण सीरम व प्लाझ्मा यांच्या आकड्यांत थोडा फरक पडू शकतो, आणि वैद्य तर दोन आकड्यांमधील फरकावरूनच निर्णय घेत असतात.

घाई करून पिवळा बल्ब पंधरा मिनिटांतच फिरविला तर? बाहेरून सीरम निवळ दिसते. आत मात्र अर्धवट साकळलेले तंतू तरंगत असतात. यंत्राची सूक्ष्म सुई ते तंतू ओढून घेते व तुंबते. कधी यंत्र ओरडून थांबते, हे भाग्यच; कधी ते न थांबता कमी द्रव घेऊन चुकीचा आकडा देते. रक्त पातळ ठेवण्याची औषधे घेणाऱ्यांचे रक्त मुळातच सावकाश साकळते, त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक. अशा रीतीने पंधरा मिनिटे वाचविण्याच्या खटाटोपात तास जातो. प्रयोगशाळेतील जुने लोक नव्या मुलांस गुठळी होईस्तोवर बल्बास हात लावू देत नाहीत, ते याच अनुभवाने.

मग सगळेच रक्त हिरव्या बल्बात का घेऊ नये, असे कोणी विचारील. त्याचीही कारणे आहेत. साकळण्याच्या परीक्षा हेपॅरिनच्या रक्तावर अर्थातच होत नाहीत, आणि पेशींच्या रंगलेल्या काचपट्टीवर ते निळसर डाग पाडते. त्याहून बोलके उदाहरण लिथियमचे. मनाच्या काही विकारांत लिथियमच्या गोळ्या देतात आणि त्यांचे रक्तातील प्रमाण वेळोवेळी पाहावे लागते, कारण औषध व विष यांतील अंतर थोडे आहे. हिरव्या बुचाच्या पुष्कळशा बल्बांत जे हेपॅरिन असते ते लिथियमचेच लवण असते. अशा बल्बात रक्त घेतले, तर गोळी चुकविलेल्या रुग्णाच्या रक्तातही लिथियम विषारी मात्रेइतके दिसू शकते! रुग्ण बरा, वैद्य हुशार, यंत्र उत्तम, आणि तरीही निष्कर्ष उलटा.

जांभळ्या बुचाकडे वळले म्हणजे हीच गोष्ट अधिक गंभीर रूपाने भेटते. या बल्बात ईडीटीएचे पोटॅशियमयुक्त लवण असते. रक्त साकळावयास कॅल्शियम लागते. ईडीटीए ते कॅल्शियम घट्ट पकडून ठेवते आणि रक्त पातळ राहते. पेशींचा आकार यात चांगला टिकतो, म्हणून हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी, मलेरियाच्या जंतूंचा शोध, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी परीक्षा, ही सर्व जांभळ्या बल्बातील रक्तावर होतात. पेशींच्या मोजणीसाठी ईडीटीएच वापरावे, अशी शिफारस रक्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने १९९३ साली केली. पण याच रक्ताचे काही थेंब पिवळ्या बल्बात गेले, तर काय होईल? पोटॅशियम वाढलेले दिसेल आणि कॅल्शियम घटलेले. पोटॅशियम ३.५ ते ५ या मर्यादेबाहेर फार चढले तर हृदय बंद पडण्याची भीती असते, म्हणून वैद्य तातडीने ते उतरविण्याचे उपचार सुरू करतो. खोट्या आकड्यावर असे उपचार झाले तर चांगल्या माणसाचे पोटॅशियम धोकादायक रीतीने खाली येईल. आणि थेंब थोडेच पडले असतील तर आणखी वाईट: खरोखर पोटॅशियम कमी असलेल्याचा आकडा यथास्थित दिसेल व कोणास संशयही येणार नाही.

हे थेंब जातात कसे? बहुधा दोन मार्गांनी. एक, सुईवाटे, म्हणजे जांभळा बल्ब आधी व पिवळा मागाहून भरल्याने. म्हणूनच बल्ब भरण्याचा क्रम ठरलेला आहे: जंतुपरीक्षेची बाटली सर्वांत आधी, मग निळा, त्यानंतर तांबडा वा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी करडा. मुलुंडच्या त्या तरुणाने जो क्रम पाळला तो हाच. दुसरा मार्ग केवळ आळसाचा. पिवळ्या बल्बात रक्त कमी पडले, जांभळ्यात जास्त आहे. मग बूच काढून यातले त्यात ओतावयाचे. हा अपराध कोणाच्या डोळ्यांपुढे होत नाही, आणि सीरमच्या रंगावरून तो ओळखूही येत नाही.

पावसाळ्यात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत ताप आला की घरोघर एकच चौकशी सुरू होते: प्लेटलेट किती? डेंगीत या बिंबाणू पेशी खरोखरच घटतात. दीड लाखावरून त्या पन्नास हजारांवर, त्याहूनही खाली येतात. आकडा कळताच नातेवाईक रक्तपेढ्या धुंडाळू लागतात. पण हा आकडा देणारा बल्बही जांभळाच, आणि त्याच्या दोन खोडी ध्यानात घ्यावयास हव्यात. रक्त आत येताच बल्ब आठ-दहा वेळा हळुवार उलटा-सुलटा करावा लागतो. तसे न केल्यास औषध नीट मिसळत नाही, बारीक गुठळ्या होतात, बिंबाणू त्यांत अडकतात आणि यंत्राला ते दिसतच नाहीत. दुसरी खोड विलक्षण आहे. हजारांत एखाद्या माणसाच्या रक्तात असा काही गुण असतो की ईडीटीएच्या सान्निध्यात त्याचे बिंबाणू एकमेकांस चिकटून पुंजके बनवितात. शरीरात ते अगदी सुटे व पुरेसे असतात. पुंजके होतात ते बल्बात. यंत्र प्रत्येक पुंजका मोठ्या पेशीत जमा धरते आणि तीस हजार असा आकडा छापते. अशा माणसास ना रक्तस्राव, ना अंगावर लाल ठिपका; आणि तरी कागदावर संकट.

यावरील उपाय जुनाच आहे. अनपेक्षित आकडा आला की रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. पुंजके असतील तर कडेला ढिगाने दिसतात. मग रक्त पुन्हा निळ्या बुचाच्या सायट्रेट बल्बात घेऊन मोजतात आणि सायट्रेटच्या पाण्यामुळे झालेली घट भरून काढण्यासाठी येणाऱ्या आकड्यास १.१ ने गुणतात. दिवसास शेकडो नमुने येणाऱ्या जुलै-ऑगस्टच्या हंगामात काचपट्टी पाहावयास माणूस व वेळ काढणे सोपे नसते. तरीही ज्या प्रयोगशाळेच्या कागदावर “काचपट्टीवर पडताळले” अशी नोंद असते, तिच्या आकड्याची किंमत नुसत्या यंत्राच्या आकड्याहून अधिक समजावी.

जांभळ्या बल्बाचा आणखी एक उपयोग मुंबईच्या नावाशी जोडलेला आहे. १९५२ साली परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे मांडला. ‘बॉम्बे’ हेच नाव त्यास पुढे पडले. या गटाच्या माणसाच्या नुसत्या पेशी तपासल्या तर तो ‘ओ’ गटाचा वाटतो. त्याचा प्लाझ्मा ‘ओ’ गटाच्या पेशींशी मिसळला की मात्र त्या पेशींच्या गाठी होतात आणि भेद उघड होतो. म्हणजे पेशी व प्लाझ्मा दोन्ही पाहावे लागतात. जांभळ्या बल्बातून ती दोन्ही मिळतात. लगदा असलेल्या पिवळ्या बल्बात पेशी भिंतीखाली कोंडल्या जातात, म्हणून रक्तपेढ्या तो घेत नाहीत.

राहिले निळे बूच. आजोबांच्या दृष्टीने चारांतील सर्वांत महत्त्वाचा बल्ब हाच. कृत्रिम झडपेवर गुठळी बसू नये म्हणून त्यांस रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज घ्यावी लागते आणि तिचे प्रमाण आयएनआर नावाच्या आकड्यावरून ठरते. आकडा कमी तर गुठळीचे भय, अधिक तर रक्तस्रावाचे. निळ्या बल्बात सायट्रेट द्रवरूप असते व नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट हे माप काटेकोर पाळावे लागते. २.७ मिलिलिटर रक्तास ०.३ मिलिलिटर, असा तो हिशेब. शीर सापडली नाही म्हणून बल्ब अर्धाच भरला, तर सायट्रेट रक्ताच्या मानाने अधिक होते, परीक्षेत घातलेले कॅल्शियम ते गिळते, रक्त उशिरा साकळते आणि आयएनआर वाढलेला दिसतो. वैद्य गोळी कमी करतो. झडपेवर गुठळी बसण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून खुणेपर्यंत न भरलेला निळा बल्ब चांगली प्रयोगशाळा परत पाठविते. फुलपाखरासारखे पंख असलेल्या सुईने रक्त घ्यावयाचे असेल तर आणखी एक जपणूक लागते: तिच्या लांब नळीतील हवा पहिल्या बल्बात शिरून तेवढी जागा अडविते, तेव्हा आधी एक बल्ब टाकाऊ म्हणून थोडा भरून बाजूस ठेवावयाचा आणि मग निळा लावावयाचा. हा टाकाऊ बल्ब पाहून घरातील माणसांस रक्त वाया गेलेसे वाटते, हे साहजिक आहे.

पेटीतील बर्फाविषयीही एक गैरसमज आहे. थंडीत सर्व काही टिकते, असे स्वयंपाकघराचा अनुभव सांगतो. रक्ताचे तसे नाही. पेशींतील पोटॅशियम आत धरून ठेवणारी यंत्रणा उष्णतेवर चालते. न फिरविलेले रक्त बर्फात ठेवले की ती मंदावते आणि पोटॅशियम झिरपून बाहेर येते. म्हणून पिवळा बल्ब आधी फिरवावयाचा, लगद्याची भिंत बसू द्यावयाची, मग थंड करावयाचा. साकळण्याच्या परीक्षेचा निळा बल्ब नेहमीच्या हवेतच नेणे बरे. उलट अमोनियासारख्या काही परीक्षांस रक्त ताबडतोब बर्फात घालावे लागते. स्थानकाजवळच्या लहानशा रक्तसंकलन केंद्रात कोपऱ्यात फिरणारे जे यंत्र दिसते, ते याच कामासाठी असते; ज्या केंद्रात ते नाही, तेथील पोटॅशियमचा आकडा बल्ब किती वेळ वाटेत होता यावर अवलंबून राहतो.

बुचांच्या रंगांविषयी जगभर साधारण एकवाक्यता आहे, तरी प्रत्येक कारखान्याची छटा थोडी वेगळी पडते. कोठे सीरमचे बूच पिवळे, कोठे सोनेरी, कोठे तांबड्यावर करडे ठिपके. जाणता तंत्रज्ञ रंग पाहून हात पुढे करतो, पण चिठ्ठी वाचून बल्ब लावतो, आणि त्या चिठ्ठीवरील मुदतीची तारीखही पाहतो, कारण मुदत संपलेल्या नळीतील निर्वात कमी झालेला असतो व ती पुरती भरत नाही.

दुपारी कधी कधी घरी फोन येतो: “रक्त पुन्हा द्यावे लागेल.” सकाळी उपास काढून, सुई टोचवून घेऊन पुन्हा तेच, म्हणून माणसे चिडतात. त्या फोनमागे बहुधा तीनांपैकी एक कारण असते. निळा बल्ब खुणेपर्यंत भरलेला नसतो. जांभळ्यात गुठळी सापडलेली असते. किंवा पिवळ्यातील सीरम निवळ पिवळे न येता गुलाबी आलेले असते, म्हणजे सुईत अथवा वाटेत तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर सांडलेले असते. तो फोन न करता आकडा छापून मोकळे होणे प्रयोगशाळेस सहज शक्य असते, आणि छापलेल्या कागदावर त्याचा मागमूसही दिसला नसता.